‘लांब पल्ल्याला सेमी-ऑटो नको’: एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं नाव काढलं की एक तयार सल्ला पुढे येतो. सांगणारा बदलतो, सल्ला बदलत नाही: ‘सेमी-ऑटोमध्ये गोळी सुटतानाच यंत्र हलतं, नेम टिकत नाही, बोल्ट ॲक्शनच घ्या. सेमी-ऑटोची हौसच असेल तर एआर-१० घ्या, तीही .३०८ मध्ये. बॅरल २४ इंचाचा, स्कोप २५ पटीचा, आणि कंपनी एका मिनिटाच्या ग्रुपची हमी देते की नाही तेवढं पाहा.’ ऐकायला चोख. पण एकेक वाक्य सुटं करून पाहिलं की पाच दाव्यांपैकी एक निम्मा खरा निघतो आणि बाकीचे सोयीचे.

(सेमी-ऑटो म्हणजे दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल; बोल्ट ॲक्शनमध्ये ते बोल्ट हाताने ओढून भरावं लागतं. एआर-१० आणि तिची लहान बहीण एआर-१५ या सेमी-ऑटो; .३०८ हे काडतुसाचं नाव. ग्रुप म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा घोळका; तो जितका लहान तितकी रायफल अचूक. मिनिट म्हणजे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर, १००० मीटरवर २९. पुढे हेच माप वापरलंय.)

‘यंत्र हलतं’ हा तो निम्मा खरा दावा. हलतं हे कबूल, पण कधी हलतं? चाप दाबल्यावर हॅमर सुटतो, फायरिंग पिनवर आदळतो, पिन प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, फोडते. तिथून पुढे २० इंचाच्या बॅरलमधून गोळी बाहेर पडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. वाटेत ती गॅस पोर्ट, म्हणजे बॅरलचं बारीक भोक, ओलांडते, थोडा वायू मागे वळतो आणि बोल्ट कॅरिअरला, म्हणजे काडतूस मागून बंद करणारा बोल्ट वाहून नेणाऱ्या भागाला, ढकलू लागतो. पण कॅरिअर थोडं अंतर मोकळा सरकल्याशिवाय बोल्ट फिरत नाही, आणि बोल्टचे लग, म्हणजे त्याला जागी अडकवणारे दाते, सुटेपर्यंत गोळी बॅरलबाहेर पडलेली असते. खांद्याला जाणवतो तो सगळा खडखडाट, म्हणजे केस (काडतुसाची रिकामी पितळी नळी) उडणं, कॅरिअर मागे जाऊन आपटणं, परत पुढे येऊन नवं काडतूस भरणं, गोळी गेल्यानंतरचा आहे. गेलेल्या गोळीचं त्याने काही बिघडत नाही.

मग सेमी-ऑटो हातात नाठाळ का वाटते? कारण दोष नंतरच्या हालचालीत नसून आधीच्या उशिरात आहे. एआरचा हॅमर जड, त्याची झेप लांब. चाप सुटल्यापासून प्रायमर फुटेपर्यंतचा वेळ, ज्याला लॉक टाइम म्हणतात, चांगल्या बोल्ट ॲक्शनमध्ये दोन-तीन मिलिसेकंद असतो. साध्या एआरमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. तेवढ्या वेळात पकड सैलावली किंवा गाल उचलला गेला की रायफल हलते, आणि ही हालचाल गोळी आत असतानाची. बोल्ट ॲक्शन ढिसाळ नेमबाजाला पुष्कळ माफ करते, एआर करत नाही. चांगला दोन टप्प्यांचा चाप आणि गोळी सुटल्यावरही चाप मागे दाबून धरायची सवय, या दोन गोष्टींनी त्यातलं बरंच भरून निघतं.

दुसरं खरं कारण बॅरलभोवतीच्या हँडगार्डमध्ये दडलेलं असतं. साध्या एआरमध्ये हँडगार्ड पुढे बॅरललाच टेकलेला असतो; स्लिंग (पट्टा) आवळली किंवा बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) भार टाकला की तो दाब थेट बॅरलवर जातो आणि झिरो, म्हणजे नेम आणि मार यांचा जुळवलेला मेळ, सरकतो. फ्री-फ्लोट हँडगार्ड फक्त मागे, रिसीव्हरपाशी (रायफलच्या मधल्या सांगाड्यापाशी) धरलेला असतो, बॅरलला कुठेच शिवत नाही. रायफल बघायला गेलात तर ती रिकामी आहे याची आधी खात्री करा, मग कागदाची पट्टी बॅरल आणि हँडगार्ड यांच्यामधून सरकवून बघा. गॅस ब्लॉकपासून (गॅस पोर्टवरच्या ठोकळ्यापासून) मागपर्यंत अडली नाही तर ठीक. अडली तर त्या रायफलच्या ‘सेमी-ऑटो’पणावर खापर फोडण्यात अर्थ नाही.

अनुभवाचा पुरावा हवा असेल तर ओहायोतल्या कॅम्प पेरीकडे बघा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पर्धा तिथे १९०७ पासून होत आल्या आहेत. सर्व्हिस रायफल, म्हणजे लष्करी धर्तीच्या रायफलीच्या, प्रकारात २००, ३०० आणि ६०० यार्डांवर सेमी-ऑटोच वापरली जाते. ६०० यार्डांच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १२ इंचांचं, म्हणजे जवळपास दोन मिनिटांचं, आणि त्यातलं एक्स-रिंग, म्हणजे सर्वांत आतलं वर्तुळ, ६ इंचांचं. १९९० च्या दशकात इथे एम-१४ या जुन्या अमेरिकी लष्करी रायफलीच्या घराण्यातल्या रायफली मागे पडल्या आणि एआर-१५ पुढे आली. एम-१४ चं बेडिंग म्हणजे दस्त्यात रिसीव्हर घट्ट बसवण्याचं काम नाजूक, ते पुन्हा पुन्हा करावं लागे. एआरमध्ये बोल्ट थेट बॅरलच्या मागच्या एक्स्टेन्शनमध्ये अडकतो, त्यामुळे तसं बेडिंगच नको. सेमी-ऑटोने सेमी-ऑटोला हरवलं ते याच गुणावर.

बोल्ट ॲक्शनचं राज्य कुठे आहे तेही सांगायला हवं. एफ-क्लास या टेकू देऊन झोपून मारायच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धाप्रकारात १००० यार्डांवर एक्स-रिंग ५ इंचांचं असतं, अर्ध्या मिनिटाचं. तिथे काडतुसाची लांबी, गोळी आणि रायफलिंग (बॅरलच्या आतल्या पीळदार खाचा) यांतलं अंतर, केसचा गळा, सगळं अगदी बारीक फरकाने जुळवलेलं असतं. सेमी-ऑटोला ती चैन परवडत नाही. काडतूस मॅगझिनमध्ये मावलं पाहिजे, चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) विनातक्रार शिरलं पाहिजे, म्हणून घरी पुन्हा भरताना केस दरवेळी पूर्ण रीसाइज करावी, म्हणजे दाबून मूळ मापावर आणावी लागते. शिवाय एआरची फायरिंग पिन मोकळी असते, तिला मागे धरणारी स्प्रिंग नसते. चेंबरमध्ये गेलेलं काडतूस न उडवता बाहेर काढून पाहिलंत तर प्रायमरवर बारीक टिंब दिसेल. बोल्ट बंद होताना पिन पुढे येऊन टेकल्याची ती खूण. म्हणूनच घरी काडतूस भरणारे एआरसाठी कडक कपाचे प्रायमर वापरतात आणि ते केसच्या बुडाच्या किंचित आत बसलेत ना हे बोट फिरवून तपासतात. तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या वर्तुळासाठी भांडायचं असेल तर बोल्ट ॲक्शन घ्या, वाद नाही. पण स्टीलच्या दीड-दोन मिनिटांच्या प्लेटा पाडायच्या असतील, एकामागून एक पटकन, तर बोल्ट ओढण्यासाठी पकड न मोडता स्वतःचा मार स्कोपमधून बघून लगेच दुसरी गोळी देता येणं ही मोठी जमेची बाजू आहे.

आता ‘एआर-१०, तीही .३०८ मध्ये’. हा सल्ला देणारे पल्ला विचारतच नाहीत. ६०० यार्डांपर्यंतच जायचं असेल तर एआर-१५ पुरते. अट एकच: ट्विस्ट १:७ किंवा १:८, म्हणजे रायफलिंगचा पीळ सात-आठ इंचांत एक फेरा घेणारा, आणि ७७ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आसपासची गोळी. कॅम्प पेरीवाले ६०० वर ८० ग्रेनची गोळी वापरतात, तीही एकेक हाताने भरून, कारण एआर-१५ च्या मॅगझिनमध्ये साधारण ५७ मिलिमीटरपेक्षा लांब काडतूस मावत नाही. ही ५७ मिलिमीटरची भिंत एआर-१५ ची खरी मर्यादा. तिच्या आत राहून पल्ला वाढवण्यासाठीच ६.५ ग्रेंडेल हे काडतूस आलं आणि २०२० मध्ये ६ मिलिमीटर एआरसी. केस आखूड, त्यामुळे लांब, सडपातळ गोळीला जागा मिळते.

हजार यार्ड हेच ध्येय असेल तर मोठा रिसीव्हर, म्हणजे एआर-१०, घ्या, पण मग .३०८ का? ते १९५२ चं काडतूस आहे आणि त्याची नेहमीची १७५ ग्रेनची गोळी समुद्रसपाटीवर ९०० ते १००० यार्डांच्या दरम्यान ध्वनीच्या वेगाजवळ येते. तिथेच काही गोळ्या डळमळायला लागतात. २००७ चं ६.५ क्रीडमूर त्याच लांबीच्या मॅगझिनमध्ये बसतं, १२०० यार्डांपर्यंत ध्वनीच्या वर राहतं, वाऱ्याने जवळपास पाव हिश्शाने कमी ढळतं आणि खांद्याला धक्काही कमी देतं. .३०८ च्या बाजूने एकच भक्कम मुद्दा आहे: बॅरल जास्त टिकतो. सरावात भरपूर गोळ्या उडवणाऱ्याने तो जरूर मोजावा.

आणि ‘एआर-१०’ असं मोघम म्हणणंही धोक्याचं. एआर-१५ चे सुटे भाग बहुतांशी एकमेकांना बसतात. एआर-१० चं तसं नाही. आर्मालाइट कंपनीचा एक पॅटर्न, डीपीएमएस कंपनीचा दुसरा. बॅरल, बोल्ट, हँडगार्ड एकाचे दुसऱ्याला लागतीलच असं नाही. डीपीएमएसमध्येही वरच्या रेलच्या (स्कोप बसवायच्या पट्टीच्या) उंचीचे दोन प्रकार आहेत. मॅगझिनही वेगवेगळी. दोन वर्षांनी बॅरल बदलायची वेळ येईल तेव्हा हा फरक कळण्यापेक्षा घेतानाच पॅटर्न विचारून घेतलेला बरा.

‘२४ इंचाचा बॅरल’ या दाव्यात लांबी आणि अचूकता यांची गल्लत आहे. लांब बॅरल वेग देतो, ग्रुप देत नाही. .३०८ मध्ये २० वरून २४ इंचांवर गेलात तर सेकंदाला २५-३० मीटर मिळतील. त्याबदल्यात, जाडी तीच ठेवली तर, बॅरल सुमारे १.७ पट जास्त लवचीक होतो, कारण लवचीकपणा लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी मात्र चौथ्या घातात कामाला येते: बॅरल थोडा जाड घेतलात की कडकपणा झपाट्याने वाढतो. वजनाची ठरावीक मर्यादा असेल तर मी आखूड आणि जाड बॅरल निवडेन, आणि गॅस सिस्टिम शक्य तितकी लांब, वर गॅस कमी-जास्त करता येणारा ब्लॉक. गॅस जास्त झाला तर केस सांगते: बुडावर इजेक्टरने (केस बाहेर फेकणाऱ्या भागाने) घासून गेलेली चकचकीत खूण दिसते, कधी कडही ओढली गेलेली असते.

‘२५ पटीचा स्कोप’ यावर फार बोलायला नको. कॅम्प पेरीत २०१६ पासून सर्व्हिस रायफलला स्कोप चालतो, तो जास्तीत जास्त ४.५ पटीचा, आणि त्यानेच ६०० यार्डांवर एक्स घेतले जातात. पटीपेक्षा स्कोपचा नेम किती मिनिटं वर फिरवता येतो ते बघा. .३०८ ला १०० च्या झिरोवरून १००० यार्डांवर जायला ३८-४० मिनिटं वर जावं लागतं. एकूण ६० मिनिटं फिरणाऱ्या स्कोपमध्ये मधून वर तीसच उरतात. २० मिनिटांचा उतार असलेला माउंट लावला की गणित जमतं. माउंट मात्र पूर्ण रिसीव्हरवरच बसवा. पुढची पकड हँडगार्डच्या रेलवर गेली तर फ्री-फ्लोटवर घातलेले पैसे पाण्यात.

राहिली ‘एका मिनिटाची हमी’. हमी बहुतेकदा तीन गोळ्यांच्या ग्रुपची असते, आणि हातचलाखी तिथेच आहे. तीच रायफल, तीच काडतुसं, तोच नेमबाज घेतला तरी दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी १.६ पट मोठा येतो. त्यात रायफलचा दोष काही नाही, निव्वळ संख्याशास्त्र आहे. म्हणजे तीन गोळ्यांत सरासरी एक मिनिट देणारी रायफल दहा गोळ्यांत दीड मिनिटाच्या पुढे जाणार. आणि दाखवायला तीन-तीन गोळ्यांच्या अनेक ग्रुपांतला सर्वांत गोंडस निवडला असेल तर बोलायलाच नको.

शिवाय हजार यार्डांवर रायफलचा वाटा बऱ्याचदा सगळ्यात लहान असतो. काडतुसांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर .३०८ ची गोळी तिथे जवळपास एक मिनिट वर-खाली जाते. वारा ताशी दीड किलोमीटरने चुकीचा वाचला तर वीसेक सेंटीमीटर बाजूला. रायफल अर्ध्या मिनिटाने सुधारण्यासाठी जो पैसा जातो त्यात एका लॉटची (एकाच खेपेत बनलेली) भरपूर मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची, काडतुसं येतात, आणि वारा त्यांनीच शिकता येतो. रायफल तपासताना दहा गोळ्यांचे दोन ग्रुप सलग मागून घ्या, पहिला थंड बॅरलवर आणि दुसरा लगेच तापलेल्यावर. दोन्हींचे मध्यबिंदू एकाच जागी आले की नाही ते मोजा. दुसरा ग्रुप सरकला असेल तर हमीपत्रावरचा आकडा कितीही छोटा असो, पुढची रायफल बघा.