नावात झेवियर असलं म्हणून कॉलेज जेझुइट होत नाही

आज दुपारी सांगलीच्या विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानात एक गृहस्थ भेटले. मुलगी बारावी झालेली. हातात एक पाकीट, त्याच्या पाठीमागं यादी. वर ठळक ‘जेझुइट’ (कॅथलिक फादरांचा एक संघ), खाली झेवियर्स मुंबई, झेवियर्स म्हापसा, सेंट स्टीफन्स दिल्ली, ख्राइस्ट बेंगळुरू. कुणीतरी पैसे घेऊन ही यादी करून दिलेली. चारांतलं जेझुइट एकच आहे, मुंबईचं झेवियर्स! तिथंच डोकं फिरलं.

म्हापशाचं झेवियर्स गोव्याच्या धर्मप्रांताचं. ख्राइस्ट सीएमआय फादरांचं, म्हणजे १८३१ साली केरळात उभ्या राहिलेल्या देशी संघाचं. स्टीफन्स तर कॅथलिकच नाही, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं आहे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमुळं आपल्याला ‘मिशनचं’ म्हटलं की सगळं एकच वाटतं, पण डॉ. वानलेसांचं ते मिशनही प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट. उलट चेन्नईचं लोयोला आणि मंगळूरचं सेंट अलॉयशियस अस्सल जेझुइट, आणि नावात झेवियर कुठंच नाही.

ओळखायचं असेल तर वेबसाइटवर संस्था कोण चालवतं ते वाचा. जेझुइट फादरांच्या नावामागं एसजे लागतं, सेलेशियन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या फादरांच्या एसडीबी. नुसतं प्राचार्यांचं नाव बघाल तर फसाल. मुंबईच्या झेवियर्समध्ये फादर नसलेले प्राचार्यही झालेत. रेक्टर, म्हणजे तिथल्या जेझुइट फादरांचे प्रमुख, कोण आहे ते बघा.

मान्य, मुंबईचं झेवियर्स १८६९ पासूनचं आहे, २०१० पासून स्वायत्त आहे, नाव उगाच झालेलं नाही. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पदवी विद्यापीठाची. पण हा फायदा स्वायत्ततेचा आहे, तो जेझुइट नसलेल्या स्वायत्त कॉलेजातही मिळतो. म्हणून आधी आपल्या मुलीचे विषय एकत्र घेता येतात का ते विचारा, संघाचं नाव नंतर. ख्राइस्टला ८५ टक्के हजेरी लागते. दर सणाला सांगलीला येणाऱ्या पोरीला हे आधीच सांगायला नको?

त्या गृहस्थांना विचारलं, मुलीनं सीयूईटी दिली का? ते म्हणाले, “ते काय असतं?” मला पुढं बोलवेना. स्टीफन्सचा प्रवेश सीयूईटीवर, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर, आणि तो फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपासच बंद होतो. ख्राइस्टची स्वतःची प्रवेश परीक्षा, तीही निकालाची वाट बघत नाही. पाकिटावरची दोन नावं आधीच गेली होती आणि पैसे घेणाऱ्यानं त्यांना सांगितलंही नव्हतं. चीड येते ती याचीच.

दहावीवाल्यांनी जागांचा हिशेब आत्ताच करा. अशा ख्रिस्ती संस्थेच्या, म्हणजे अल्पसंख्याक कॉलेजात अकरावीच्या १२० जागा धरा. निम्म्या, म्हणजे ६०, अल्पसंख्याक कोट्याच्या. दहा टक्के इन-हाऊस, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांच्या, १२. पाच टक्के व्यवस्थापनाच्या, ६. तुमच्यासाठी उरल्या ४२. कोट्यातल्या रिकाम्या राहिलेल्या जागा नंतर केंद्रीय प्रवेशात येतात, पण त्यावर विसंबून पसंतीक्रम भरू नका. कॅथलिकांच्या जागांसाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणि बहुतेक ठिकाणी पॅरिशचं, म्हणजे आपल्या चर्चचं, पत्र मागतात. ‘फादरांची ओळख आहे, चिठ्ठी आणून देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

आणि होस्टेल! मुंबईच्या झेवियर्सचं होस्टेल मुलांचं आहे. मुलीला पाठवायचं तर बाहेर राहण्याची सोय आणि खर्च धरूनच फीचा विचार करावा लागतो. मुंबईतलंच सोफिया कॉलेज सेक्रेड हार्ट संघाच्या सिस्टरांचं, फक्त मुलींचं, आणि तिथं होस्टेल आहे. ते त्या यादीत नव्हतंच. का, तर जेझुइट नाही! अहो, बाप साठवलेले पैसे घेऊन आलाय, त्याला पोर रात्री कुठं झोपणार ही काळजी आहे.

शेवटी मी त्यांच्याच पेनानं पाकिटावरची दोन नावं खोडली, झेवियर्ससमोर ‘राहणार कुठं?’ लिहिलं आणि खाली सोफिया. ते बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “रात्री पोरीला विचारतो.”

सांगली-साताऱ्याची कुणाची मुलगी सोफियाच्या होस्टेलमध्ये राहिली असेल तर मेसचा आणि खोलीचा सगळा खर्च खाली लिहा. त्यांना उद्या सकाळी सांगायचा आहे.