पोरीवर संशय घेण्याआधी नियम छापा

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये इटलीची बॉक्सर अँजेला कारिनी अल्जीरियाच्या इमान खलीफविरुद्धची लढत ४६ सेकंदांत सोडून बाहेर पडली. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर नातेवाइकांच्या ग्रुपपासून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपपर्यंत एकच मजकूर येत होता: पुरुषाने बाईला मारलं. खाली कुठल्या तरी चॅनेलची क्लिप आणि क्लिपवर मोठ्या अक्षरात ‘ट्रान्सजेंडर बॉक्सर’.

इमान खलीफ ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळ्या ओळखीने जगणारी, नाही. ती मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून नोंदली गेली, मुलगी म्हणूनच वाढली, हे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं. टोकियो ऑलिम्पिकमध्येही ती खेळली होती आणि उपांत्यपूर्व फेरीत आयर्लंडच्या केली हॅरिंग्टनकडून हरली होती. तेव्हा तिचं नाव कोणाला माहीतही नव्हतं. मार्च २०२३ मध्ये आपल्या दिल्लीत झालेल्या जागतिक स्पर्धेतून आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने तिला आणि तैवानच्या लिन यू-तिंगला लिंगचाचणीचं कारण देऊन बाहेर काढलं. त्याच वर्षी जूनमध्ये ऑलिम्पिक समितीने त्या संघटनेची मान्यता काढून घेतली. त्या चाचणीवरचा वाद खरा आहे आणि त्यावर लिहायलाच पाहिजे. पण तो शरीराच्या जन्मजात जडणघडणीचा वाद आहे, लिंगबदलाचा नाही. ‘बोस्टन ग्लोब’सारख्या अमेरिकेतल्या नावाजलेल्या पेपरनेही मथळ्यात हीच चूक केली, पण त्यांनी जाहीर माफी मागितली. आपल्याकडे त्या क्लिपा आजही तशाच फिरताहेत.

मी नागपुरात मुलींना धावणं शिकवते. म्हणून हे लांबचं भांडण माझ्यासाठी लांबचं राहत नाही.

मागच्या हिवाळ्यात शालेय स्पर्धेत १७ वर्षांखालील मुलींची ८०० मीटरची प्राथमिक फेरी आटोपली. माझी एक पोरगी पहिली आली. केस बारीक कापलेले, आवाज जरा भरडा, खांदे रुंद, कारण घरी विहिरीचं पाणी ओढते आणि दोन वर्षं इमानेइतबारे व्यायाम करते आहे. दुसऱ्या शाळेतल्या एका मुलीचे वडील थेट पंचांच्या टेबलाशी आले. म्हणाले, “ते पोट्टी आहे का पोट्टा, आधी पाहा. टीव्हीवर दाखवते ना रोज. आजकाल असे लोक घुसवते.”

प्रवेश अर्जासोबत जन्मदाखला होता, आधार होता, शाळेचा बोनाफाईड होता. पंचांनी सगळं पुन्हा काढून पाहिलं आणि हरकत फेटाळली. तेवढ्या वेळात पोरगी ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून, दोन्ही हातांनी कोपर धरून उभी होती. डिसेंबरचं ऊन होतं, थंडी नव्हती. अंतिम फेरीत ती तिसरी आली. पुढच्या आठवड्यात सरावाला आली तेव्हा विचारते, “मॅडम, केस वाढवू का?”

त्या बापाला मी दोष देऊन मोकळी होऊ शकत नाही. त्याने टीव्हीवर जे पाहिलं तेच तो बोलला. त्याला कोणी सांगितलंच नाही की हे नेमकं कुठे घडतं, कोणत्या पातळीवर, कोणता नियम लागू होतो.

आणि नियम आहेत. लपवलेले नाहीत, कोणालाही वाचता येतात. जलतरणाच्या जागतिक संघटनेने जून २०२२ मध्ये, ॲथलेटिक्सच्या संघटनेने मार्च २०२३ मध्ये ठरवलं की पुरुषी वयात येणं अनुभवलेल्या ट्रान्स महिलांना (जन्माला मुलगा म्हणून नोंदलेल्या, पण बाई म्हणून जगणाऱ्या) आंतरराष्ट्रीय महिला गटात भाग घेता येणार नाही. क्रिकेटमध्ये आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये तेच केलं. १ सप्टेंबर २०२५ पासून तर जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेच्या महिला गटात उतरायचं तर पुरुषी शरीरघडण ठरवणाऱ्या एसआरवाय जनुकाची चाचणी आयुष्यात एकदा द्यावी लागते, गालाच्या आतून बोळा फिरवून किंवा रक्त देऊन. म्हणजे ‘पुरुष सर्रास घुसताहेत’ असं ज्या खेळाबद्दल ओरडून सांगितलं जातं, तिथे दार केव्हाच बंद झालेलं असतं, आणि बातमीत त्याचा उल्लेखही नसतो.

माझं मत विचाराल तर धावणं, पोहणं, वजन उचलणं यात महिला गट राखून ठेवणं मला बरोबर वाटतं. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे उंची वाढते, हाडं मोठी होतात, स्नायू भरतात. पुढे ते कमी करणाऱ्या औषधांनी हिमोग्लोबिन काही महिन्यांत खाली येतं, पण ताकद फार हळू कमी होते आणि हाडांची लांबी तर कमी होतच नाही. ट्रॅकवर सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक हुकतं. माझ्या पोरींच्या त्या शंभराव्या भागाची मला काळजी आहे. पण हेच मत मी एखाद्या ट्रान्स बाईला माणूस म्हणून उणी न लेखता मांडू शकते, तर मग संध्याकाळच्या चर्चेत चार माणसांना ते का जमू नये?

वेटलिफ्टिंगचं घ्या. न्यूझीलंडची ट्रान्स महिला लॉरेल हबर्ड टोकियोला उतरली, तेव्हा आधीचे कित्येक आठवडे तिच्यावर रकाने भरले. स्नॅचच्या (एका झटक्यात वजन डोक्यावर नेण्याच्या) तिन्ही प्रयत्नांत तिला एकही वजन वैध उचलता आलं नाही आणि ती बाहेर झाली. त्या गटाचं सुवर्ण चीनच्या ली वेनवेनने ३२० किलो उचलून जिंकलं. मी ओळखीच्या खेळाडूंना, पीटीच्या सरांना विचारलं, हबर्ड सगळ्यांना आठवते, ली वेनवेन एकालाही नाही. महिलांच्या खेळाची काळजी म्हणून जी चर्चा झाली, त्यात जिंकलेल्या बाईचं नावच नव्हतं.

आपल्याच मुलींचं काय झालं तेही आठवा. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्य जिंकलं. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं आणि तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. पुढे तिला वीटभट्टीवर मजुरी करावी लागली. धावपटू द्युती चंदला २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेआधी, शरीरात नैसर्गिकपणे टेस्टोस्टेरॉन जास्त असण्याच्या नियमावरून, संघातून वगळलं. ती क्रीडा लवादापर्यंत लढली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियमच स्थगित केला, म्हणून रिओत ती १०० मीटर धावू शकली. या दोघींपैकी कोणीही ट्रान्सजेंडर नाही. तरी ‘ट्रान्सजेंडर आणि खेळ’ असा विषय निघाला की त्यांचे फोटो हमखास त्याच पट्टीत लागतात. दोघी गरीब घरातल्या, पायात चांगला बूट यायच्या आधी पळायला शिकलेल्या. त्यांना न विचारता त्यांचा वैद्यकीय अहवाल चौकात वाचला गेला.

अनाया बांगरच्या बाबतीत वेगळं काय झालं? माजी क्रिकेटपटू संजय बांगर यांची ही मुलगी, स्वतः क्रिकेट खेळलेली, ट्रान्स महिला असल्याचं तिने स्वतः जाहीर केलं. मी पाहिलेल्या बातम्यांत आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावलेले, वडिलांचं नाव मथळ्यात. विचारायचा प्रश्न साधा होता. आयसीसीचा नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरता आहे, देशांतर्गत क्रिकेटचा निर्णय त्या त्या देशाच्या मंडळावर सोडलेला आहे. मग आपल्या मंडळाचं धोरण काय? अनाया ज्या खेळाबद्दल बोलत होती त्याबद्दलचा हा एकमेव कामाचा प्रश्न, आणि तो फोटोंखाली दबून गेला.

आता नागपूरपुरतं बोलते. बुद्धिबळपटू दिव्या देशमुख आपल्या गावची. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेनंतर तिने लिहिलं होतं की प्रेक्षक तिच्या चालींपेक्षा केस, कपडे आणि बोलण्याची ढब यावरच बोलतात. तेव्हा ती १८ वर्षांची होती. जुलै २०२५ मध्ये बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून ती महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्याच बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, फिडेने, ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रान्स महिलांना आपल्या अधिकृत महिला स्पर्धांतून बाहेर ठेवलं, पुढचा अभ्यास होईपर्यंत, जास्तीत जास्त दोन वर्षं. ज्या ट्रान्स पुरुषांनी (जन्माला मुलगी म्हणून नोंदलेल्या, पण पुरुष म्हणून जगणाऱ्यांनी) आधी महिला गटाचे किताब मिळवले होते, त्यांचे किताब रद्द करायचंही ठरवलं. पटावर हाडांची लांबी किंवा हिमोग्लोबिन कुठे कामाला येतं? बुद्धिबळात हा नियम कशाच्या आधारावर, हा प्रश्न विचारायला नागपूरइतकं योग्य गाव महाराष्ट्रात दुसरं नाही. इथे शाळाशाळांत पट मांडले जातात, इथल्या क्रीडा पानांना दिव्याच्या घरचा फोन नंबर पाठ आहे. मुलाखतीत तिला आवडती भाजी विचारण्याऐवजी हा नियम समोर ठेवून फिडेच्या लोकांना, आपल्या महासंघाला विचारा. ती दोन वर्षं ऑगस्ट २०२५ ला पूर्ण झाली आहेत. अभ्यासात काय निघालं ते छापा, आणि छापताना नियमाची ओळ मथळ्याच्या लगेच खाली ठेवा, म्हणजे शाळेच्या मैदानावर टेबलाशी येणाऱ्या बापालाही ती वाचता येईल.