नव्या माणसाचं काय?

उन्हात काम करणाऱ्यांनी उष्माघात कसा टाळावा, यावरच्या तुमच्या लेखात पाणी, सावली, सैल कपडे सगळं आलंय, पण कामावर नव्याने आलेल्या माणसाबद्दल एक ओळही नाही. उष्माघाताचे बरेचसे बळी कामाच्या पहिल्या आठवड्यातच जातात. शरीराला उन्हाची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. म्हणून अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस अशी की नवख्याला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या २० टक्केच वेळ काम द्यावं, मग रोज फार तर २० टक्क्यांनी वाढवावं. लांबलचक सुट्टीवरून परतलेल्या जुन्या गड्याचीही सवय मोडलेली असते, हे तर कुणाच्या गावीही नसतं.

मी बांधकामावर सुपरवायझर होतो. एक पोरगा दुसऱ्याच दिवशी भर दुपारी स्लॅबवर सळया बांधत होता. बघतो तर बांधलेल्या गाठीवरच पुन्हा तार गुंडाळतोय, आणि हाक मारली तर भलतंच उत्तर. मुकादम म्हणाला, ‘घाम येतोय ना, मग काही होत नाही.’ हा गैरसमज फार महागात पडतो! अंगमेहनतीत उष्माघात झालेल्याला अनेकदा घाम सुटलेलाच असतो. बरळणं, तोल जाणं ही खरी खूण. रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही त्याला सावलीत आडवं करून अंगावर गार पाणी ओतत राहिलो. वाचला. पाण्याचा ड्रम त्याच्यापासून दहा पावलांवर होता, काठोकाठ भरलेला. पण नवा माणूस उठत नाही हो पाण्याला, कामचुकार म्हणतील म्हणून.