कॅमेऱ्याला अपडेट लागलं तर

लहान लेकराला दृष्ट लागते, तसं कॅमेऱ्याला अपडेट लागतं. लेकराची दृष्ट मीठ-मोहरीनं उतरते. कॅमेऱ्याचा उतारा मात्र अजून कुणी लिहून ठेवलेला नाही. चोपडा तालुक्यात, तापीकाठी आमचा केळीचा मळा आहे. गेल्या महिन्यात तिथल्या कॅमेऱ्याला हा रोग झाला, अकरा दिवस मी त्याच्या उशाशी बसून होतो, आणि आता या विषयात माझा हात धरेल असा माणूस तालुक्यात नाही. केळीचे कंद आणि ज्ञान, दोन्ही वाटल्यानं वाढतं. तेव्हा घ्या.

सुरुवात योग्य करा. कॅमेरा बसला की लगेच सालदाराचे रात्रीच्या राखणीचे पैसे कापा. मी याच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कापले. सालाचा नवा करार करताना म्हटलं, आता मळ्यात झोपायची गरज नाही, घरी झोपत जा. त्याला वाटलं, माझं काही चुकलं. मग मी त्याला फोनवर मळा दाखवला: खोली, विहीर, विजेची डीपी, पलीकडचा बांध. तो म्हणाला, "भारी शे, नाना." आणि खाट डोक्यावर घेऊन घरी गेला.

ऑटो अपडेट चालूच ठेवा. तुम्हाला न विचारता त्यांनी ते आधीच चालू केलेलं असतं, त्यामुळे कष्ट पडणार नाहीत. अपडेट रात्री दोन ते चारच्या दरम्यान येतं. कारण तेव्हा म्हणे वापर कमी असतो. मळ्यावरच्या कॅमेऱ्याचा वापर रात्री दोन ते चार कमी असतो, हे ज्यानं ठरवलं त्यानं मळा चित्रातच पाहिला असावा. सकाळी फोनवर एक ओळ येते: 'सुरक्षेत सुधारणा आणि किरकोळ दुरुस्त्या.' किरकोळ म्हणजे काय ते विचारू नका. आमचा गवंडीसुद्धा भिंत पाडायच्या आधी 'किरकोळ काम शे' असंच म्हणतो.

रोग ओळखायचा कसा? खांबाखाली उभं राहा. लाल दिवे लागतात, आत कुठंतरी 'टक्' वाजतं, दिवे विझतात. दीड मिनिटानं पुन्हा लाल, पुन्हा टक्, पुन्हा अंधार. दिवसभर हेच. कॅमेरा उठतो, नवी अक्कल वाचायला घेतो, अडखळतो आणि पुन्हा झोपतो. सालदार बराच वेळ वर बघत होता. मग म्हणाला, "नाना, हाऊ तं डोया मिचकाई राहिना."

कॅमेरा बंद करून चालू करा. फरक पडणार नाही, पण पुढं चौदा जण 'केलं का?' विचारणार आहेत, तेव्हा खोटं बोलावं लागत नाही.

केबल तपासा. पीओईच्या केबलला, म्हणजे वीज आणि नेटवर्क दोन्ही एकाच तारेतून नेणाऱ्या केबलला, १०० मीटरची मर्यादा असते. तुमची ४० मीटरच आहे आणि काल रात्रीपर्यंत चालत होती, तरी तपासा.

लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं पान उघडा. त्यासाठी इंटरनेट एक्स्प्लोरर लागतो. मायक्रोसॉफ्टनं तो १५ जून २०२२ ला पुरला. उकरून काढा.

आता रिसेट. कॅमेऱ्याला रिसेटचं बटण असतं, फक्त ते तुम्हाला सापडू नये अशी व्यवस्था केलेली असते. पोटाखाली एक छोटं झाकण, त्याला दोन स्क्रू, ज्वारीच्या दाण्याहून लहान. झाकणाच्या आत मेमरी कार्ड, आणि कार्डाच्या आड ते बटण. हे बटण दाबून धरायचं, त्याच अवस्थेत खालून लाईट चालू करायची आणि पंधरा सेकंद सोडायचं नाही. म्हणजे एक माणूस पंधरा फुटांवर शिडीवर, दुसरा खोलीत स्विचजवळ, आणि मध्ये आरोळ्या. यासाठी मे महिना उत्तम. पारा ४४ वर, खांब लोखंडी. पहिला स्क्रू मी दातात धरला. दुसरा पडला तो केळीच्या वाळलेल्या पाल्यात, आणि आम्ही दोघं अर्धा तास गुडघ्यांवर. अजून सापडलेला नाही. झाकण सध्या ठिबकच्या जोडाला लावतात त्या चिकटपट्टीनं बसवलंय.

पंधरा सेकंद दाबलं आणि कॅमेरा जिवंत झाला. चिनीत.

घाबरू नका. पडद्यावर एक चौकट येते, खाली दोन बटणं असतात, एक राखाडी आणि एक निळं. मी निळं दाबलं. निळं म्हणजे मेमरी कार्ड फॉरमॅट.

चित्र आलं तेव्हा बाग गुलाबी होती. फिकट, लग्नातल्या मंडपासारखी. त्याचं शास्त्र मी आता झोपेतही सांगू शकतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढं दिवसा एक काच येते, ती इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड, अडवते. रात्री ती बाजूला सरकते, म्हणून अंधारात दिसतं. तो 'टक्' आवाज याच काचेचा. अपडेटनंतर काच रात्रीच्या जागीच बसून राहिली. हिरवी पानं इन्फ्रारेड भरपूर परत फेकतात, म्हणून आमची साडेतीन हजार झाडं गुलाबी. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कागदांत हा रंग नोंदवायचा बहुधा राहून गेला.

आता कस्टमर केअर. इथं मात्र सवडीनं बसा. शेवभाजी खाऊन, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून, मागं लोड घेऊन. पहिली बावीस मिनिटं बासरी ऐकायची. मग एक मुलगा येतो आणि हिंदीत विचारतो, सर, अपडेटच्या वेळी लाईट गेली होती का? आम्ही म्हणतो, नाही, खोलीत इन्व्हर्टर आहे. तो म्हणतो, पण सर, गावाकडं लाईट जाते ना. आम्ही म्हणतो, जाते, शेतीचा थ्री फेज आठ तासच असतो, म्हणूनच तर इन्व्हर्टर घेतला. तो म्हणतो, म्हणजे लाईट गेली होती. लिहून घेतो. नोंद झाली. आता त्या तिकिटावर कायमचं लिहिलंय की दोष विजेचा.

दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा. त्याला पहिल्यापासून सांगा. त्याला जळगाव म्हटलं की जालना ऐकू येतं, चोपडा म्हटलं की तो दोनदा स्पेलिंग विचारतो. तो सांगतो, झाकण उघडून रिसेट करा. ते केलं, म्हणजे वर सांगितलेला सगळा सोहळा. तिसऱ्या दिवशी तिसरी मुलगी. गोड आवाज. झाकणाचा फोटो पाठवा म्हणाली. पाठवला. सर, तुम्ही झाकण उघडलंय, आतली सील तुटली, आता वॉरंटी नाही. अहो, तुमच्याच माणसानं उघडायला सांगितलं. सर, त्याची नोंद दिसत नाही. लाईट गेल्याची नोंद दिसते? हो सर, ती दिसते.

मग बिल मागितलं. बिल त्या गुळगुळीत कागदाचं, उन्हानं पांढरं होणारं. पाकिटातून काढलं तर कोरं. अगदी कोरं, एका कोपऱ्यात फक्त 'धन्यवाद'. मी त्याचाही फोटो पाठवला. सहाव्या दिवशी निरोप आला: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? कुणी सोडवली? कधी सोडवली? मी इथं गुलाबी केळी बघत बसलोय आणि तुम्ही तारे मागता? एक तारा दिला तर विचारतात, आम्ही कुठं कमी पडलो ते तीस शब्दांत सांगा. तीस शब्द! मला तुमच्यासमोर बसवा, तीस दिवस बोलतो.

असो. सल्ला देत होतो.

तारीख. रिसेट झालेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सुरू होतं, कारण असल्या यंत्रांचा काळच तिथून मोजला जातो. आमच्या कॅमेऱ्यात ते सकाळी आठला सुरू झालं. कारण रिसेटनंतर त्यानं स्वतःला चीनमध्ये मानलं होतं, आणि चीन जागतिक वेळेच्या आठ तास पुढं. वेळ दुरुस्त करायचा पर्याय असतो, पण तो चिनीत. निळ्या बटणानंतर मी कशालाही हात लावायला तयार नव्हतो. म्हटलं, उद्या करू.

त्याच रात्री विहिरीवरच्या मोटरची केबल गेली.

मोटरपासून स्टार्टरपर्यंतची सगळी, दीडशे फूट. नाल्याच्या कडेला त्यांनी ती जाळली, तांबं काढून घेतलं. सकाळी तिथं काळं, चिकट प्लॅस्टिक गवताला लागलेलं होतं, वास दुपारपर्यंत नाकातून गेला नाही. आणि गंमत बघा, कॅमेऱ्यानं त्यांना टिपलं होतं. दोघे. एकाच्या डोक्याला टॉवेल, दुसऱ्याचा चेहरा स्वच्छ. काच रात्रीच्या जागीच होती ना. वर कोपऱ्यात ठळक अक्षरांत: १ जानेवारी १९७०, रात्रीचे ११ वाजून ६ मिनिटं.

हवालदारांनी फोन जवळ धरला, लांब धरला. म्हणाले, नाना, हा गडी आता काठी टेकत असेल. मी हिशोब मांडून दाखवला: रिसेट सकाळी अकराला, तेव्हा याच्यात आठ वाजलेले, म्हणजे फरक तीन तासांचा आणि पंचावन्न वर्षांहून जास्तीचा, म्हणजे चोरी रात्री दोनच्या सुमाराला. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, कोर्टात लागलं तर नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागेल, त्यावर तुम्हाला सही करावी लागेल. कशाबद्दल? त्या काळात यंत्र व्यवस्थित चालत होतं, याबद्दल.

मी सही केलेली नाही. कुणी करेल? चिनी बोलणारं, गुलाबी बघणारं, १९७० सालात जगणारं यंत्र 'व्यवस्थित' होतं असं मी शपथेवर सांगू?

आणि ज्यानं हे केलं त्याची सही कुठंच लागत नाही. अपडेट पाठवणाऱ्याला कुणी विचारत नाही, बाबा, पाठवण्याआधी एका तरी कॅमेऱ्यावर चालवून पाहिलंस का. लाज वाटायला पाहिजे. साध्या फोनमध्येसुद्धा आता आतल्या प्रोग्रामच्या जुनी आणि नवी अशा दोन प्रती ठेवायची सोय असते, नवी चालली नाही तर फोन आपोआप जुनीवर परत जातो. हे काही गुपित नाही. तुम्हाला ठाऊक आहे. पण असल्या कॅमेऱ्यांत कितीदा ८ नाहीतर १६ एमबीची चिप घालतात, तिच्यात दुसऱ्या प्रतीला जागा उरत नाही. वाचवलेत पैसे. आणि तो धोका कुणाच्या खांबावर टांगलात? आमच्या.

बरं, उपाय नव्हता का? होता. चोपड्यातल्या मोबाईल दुरुस्तीच्या एका पोरानं केला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. कॅमेरा सुरू होताना पहिली काही सेकंदं नेटवर्कवर एका ठरलेल्या पत्त्यावर सुटकेची फाईल शोधतो, तिथं लॅपटॉप जोडून जुनं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याचा आतला प्रोग्राम, ठेवलं की तो ते उचलतो. पोरानं चहा गार व्हायच्या आत हे केलं. अडलं होतं फक्त जुन्या फाईलवर. ती मी कंपनीला तीनदा मागितली. तीनदा उत्तर आलं, जुनी आवृत्ती देण्याची पॉलिसी नाही. शेवटी ती कॅमेरा बसवणाऱ्याच्या एका जुन्या पेनड्राइव्हवर निघाली, वऱ्हाडाच्या फोटोंच्या खाली. तुमच्या कपाटात असलेलं औषध तुम्ही अकरा दिवस दिलं नाहीत. आमच्या लाईटला नावं ठेवत बसलात.

आणि याहून वाईट ऐका. मी आता ऑटो अपडेट बंद केलंय. पोराकडून करून घेतलं, खात्री केली, पुन्हा खात्री केली. हे चूक आहे, मला कळतं. २०१६ साली मिराई नावाच्या कॉम्प्युटरच्या किड्यानं असले लाखो कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून आलेल्या पासवर्डनं उघडले आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. अपडेट लागतातच. भोकं बुजवायलाच हवीत. पण तुमचं अपडेट आलं की माझ्या पोटात गोळा येतो, आणि मळ्या-मळ्यावर असे कितीतरी जण असतील, ज्यांनी एकदा मार खाऊन दार कायमचं उघडं टाकलं. ते दार तुम्ही उघडं ठेवायला लावलंत. चोरानं नाही.

केबल नवी टाकली. त्या दिवसांत केळीला पाणी चुकलं, कडेच्या दोन ओळींची पानं करपली, ते तीस शब्दांत लिहा म्हणावं.

सालदार दुसऱ्याच रात्री खाट घेऊन परत आला, न बोलावता. बॅटरी, घोंगडी, खिशात तंबाखूची डबी. खाट त्यानं खांबाखालीच टाकली. राखणीच्या पैशांचं मीच काढलं, कापलेले परत देतो म्हटलं. तो घोंगडी झटकत होता.

"देखसूत आखाजीले, नाना."

आखाजी आत्ताच झाली. पुढची यायला अकरा महिने आहेत.