महिला अग्निशामकाची निगा कशी राखावी

आपल्या केंद्रावर महिला अग्निशामक रुजू होत असल्याचा आदेश हाती पडला असेल, तर केंद्रप्रमुख महोदय, प्रथम मन शांत ठेवावे. हे संकट नवे नाही. देशातील पहिल्या महिला अग्निशामक हर्षिनी कान्हेकर यांनी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात २००२ साली प्रवेश घेतला, मुंबईच्या दलात २०१२ साली महिला दाखल झाल्या, आणि एवढे होऊनही आपल्या केंद्रांचा कारभार जागचा हललेला नाही; तेव्हा एका बाईच्या येण्याने तो हलेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. निगा राखण्याची रीत तेवढी माहीत हवी.

महिला अग्निशामक ही पैठणीसारखी आहे असे समजावे. ती घरात असल्याचा अभिमान बाळगावा, सणासुदीला ती चारचौघांत मिरवावी आणि एरवी डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवून द्यावी. आपल्याकडे या कपाटाला नियंत्रण कक्ष म्हणतात.

भरतीच्या वेळी मात्र कसलीही सवलत देऊ नये. उंची १६२ सेंटिमीटर म्हणजे १६२ सेंटिमीटरच. फेब्रुवारी २०२३ मध्ये दहिसरच्या मैदानावर याच मोजमापावरून मुलींनी आक्रोश केला आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्याचा आरोपही केला, तरी मोजपट्टीवरील आपली श्रद्धा ढळू देऊ नये. मोजपट्टी तेवढी भरतीच्या दारातच ठेवून यावी म्हणजे झाले. आत आलेल्या मुलीला अंगरखा, हातमोजे आणि गमबूट देताना ती पुन्हा बाहेर काढण्याची गरज नाही. बूट मोठे झाले तर दोन पायमोजे घालता येतात. बी. ए. सेटचा, म्हणजे धुरात श्वास घेण्याच्या यंत्राचा, मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसत नसेल आणि कडेने धूर आत शिरत असेल, तर चेहऱ्यात दोष आहे असे तिला प्रेमाने समजावून सांगावे.

स्वच्छतागृहाविषयी विचारणा झाल्यास ‘प्रस्ताव बांधकाम विभागाकडे गेला आहे’ हे वाक्य पाठ असावे.

वर्दीवर, म्हणजे आगीची खबर आल्यावर घटनास्थळी, तिला न्यावेच लागले, तर गर्दीतल्या बायकांना मागे सारण्याचे काम द्यावे.

आता सर्वांत महत्त्वाची बाब, म्हणजे अग्निशमन सेवा सप्ताह. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर लागलेली आग विझवताना स्फोट झाले आणि दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आपण हा सप्ताह पाळतो. अशा दिवशी महिला अग्निशामकाच्या हाती काय द्यावे, असा प्रश्न अनेक केंद्रप्रमुखांना पडतो. आमच्या केंद्राने यंदा त्याचे उत्तर शोधले आहे. तिच्या हाती ताट द्यावे.

अकरा दिवस मी शिडीच्या प्रात्यक्षिकाचा सराव केला होता. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मानवी प्रतिकृती खांद्यावर घेऊन मी खाली उतरायचे, असे ठरले होते, आणि ही प्रतिकृती पन्नास किलोंची असते, कापसाची नसते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी गणवेशाला इस्त्री करून मी हजर झाले, तेव्हा साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही जरा साडी नेसून या. पाहुणे येतायत, औक्षणाला कोणी तरी बाई पाहिजे ना.’’ मी विचारले की शिडीवर कोण जाणार. ‘‘तो नवा मुलगा करेल की.’’ नवा मुलगा चार महिन्यांपूर्वी रुजू झालेला. दोराची गाठ कशी मारायची हे त्याला मीच शिकवले होते. बिचारा माझ्या नजरेला नजर देत नव्हता. त्याचा काय दोष? तो शिडीवर चढला, टाळ्या पडल्या, आणि मी शेजारच्या सोसायटीतून मागून आणलेली साडी नेसून उन्हात ताट धरून उभी राहिले. गेल्या वर्षभरात केंद्राने माझ्या हाती अधिकृतपणे सोपवलेली एकमेव आग म्हणजे त्या ताटातले निरांजन. पाहुण्यांनी भाषणात माझ्याकडे हात करून ‘रणरागिणी’ हा शब्द तीनदा वापरला. रणरागिणीच्या दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. संध्याकाळी आलेल्या छायाचित्राखाली ‘महिलांचाही उत्स्फूर्त सहभाग’ असे छापलेले होते, आणि ते वाचून माझ्या मुलाने मला विचारले, ‘‘आई, तू बंबावर असतेस ना गं?’’

तक्रार समितीचे राहिलेच. २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते आणि तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरील महिला असावी लागते. दलात महिला वरिष्ठ पदावर पोहोचू नये याची आपण आधीच घेतलेली काळजी येथेही कामास येते. समितीचा फलक कपाटामागे लावावा.

ही वरिष्ठ पदाची गोष्ट तेवढी मला नीट समजावून सांगा, साहेब. मागच्या महिन्यात पदोन्नतीच्या मुलाखतीत मला विचारण्यात आले की तुम्ही किती वर्द्यांवर प्रत्यक्ष काम केले आहे. आकडा सांगितल्यावर समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि ‘अनुभव कमी पडतो’ असा शेरा लिहिला. अनुभव कमी कोणी पाडला? वर्दीची घंटा वाजली की मी गमबुटात पाय घालत असताना ‘ताई, तुम्ही फोन सांभाळा’ असे रोज कोण म्हणत होते? आठ वर्षे मला खुर्चीला बांधून ठेवायचे आणि नंतर ही धावत नाही म्हणून नापास करायचे, याला काळजी म्हणत नाहीत, याला लबाडी म्हणतात. परीक्षेत तीच उडी मी मारली होती आणि तेच वजन मी उचलले होते. ३० टक्के जागा भरल्याचे अहवालात लिहिताना तुम्हाला आम्ही अग्निशामक दिसतो आणि बंबावरची नावे लिहिताना बायका दिसतो. लाज वाटायला हवी.

उद्याच्या हजेरीला माझे नाव बंबावर लिहा. नसेल लिहायचे, तर कारण कागदावर लिहून खाली सही करा. ताट घासून भांडारातल्या खालच्या खणात ठेवले आहे. पुढच्या पाहुण्यांना ज्याला ओवाळायचे असेल त्याने ते घ्यावे.