संसदेच्या देखरेखीने दहशतवादविरोधी तपासाचे हात बांधले जातात का?

सध्या एक मजकूर मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे असे : दहशतवादविरोधी कायद्यांच्या वापरात संसदेने लक्ष घातले की तपास यंत्रणांचे हात बांधले जातात आणि गुपिते फुटतात, कोणावर अन्याय झालाच तर दाद मागायला न्यायालये आहेत, आणि निरपराध माणसाला भिण्याचे कारणच नाही. यातला एकही मुद्दा तपासून पाहिला तर टिकत नाही.

हात बांधले जाण्याचा मुद्दा आधी घेऊ. १९८७ च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याला दोन वर्षांची मुदत होती, त्यामुळे तो पुढे चालवायचा तर सरकारला दर वेळी संसदेपुढे येऊन त्याची गरज पटवून द्यावी लागे. १९८९, १९९१ आणि १९९३ अशी तीनदा मुदतवाढ मिळाली, म्हणजे ही अट असूनही कायदा राबवला गेलाच. फेब्रुवारी १९९५ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षांनी सर्व खासदारांना पत्र लिहून आणखी मुदतवाढ देऊ नये अशी विनंती केली, आणि मे महिन्यात कायदा संपुष्टात आला. त्यानंतर आलेल्या ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्यालाही तीन वर्षांची मुदत होती. २००४ मध्ये तो रद्द झाला खरा, पण त्यातल्या अनेक तरतुदी यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात आल्या आणि तिथे मुदतीची अट राहिली नाही. माझ्या मते या साऱ्या बदलातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे, आणि तिच्याबद्दलच सर्वांत कमी बोलले जाते.

ब्रिटनमध्ये लंडनच्या स्फोटांना चारच महिने झाले असताना, नोव्हेंबर २००५ मध्ये, संशयिताला आरोप न ठेवता ९० दिवस कोठडीत ठेवण्याचा अधिकार सरकारने मागितला. तिथल्या संसदेच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाने तो ३२२ विरुद्ध २९१ मतांनी फेटाळून २८ दिवसांना मान्यता दिली. २०११ मध्ये ती मर्यादा १४ दिवसांवर आली. आपल्याकडे आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडीची तरतूद यूएपीएत आली ती मुंबईवरील हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, विधेयक मांडल्यापासून अवघ्या काही दिवसांत. आरोप ठेवणे आणि आरोपपत्र दाखल करणे या वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य; पण हल्ल्याची जखम ताजी असतानाही एका सभागृहाने सरकारला नकार दिला, हे विसरता येत नाही.

आता न्यायालयांविषयी. यूएपीएच्या कलम ४३ड(५) नुसार केस डायरी (पोलिसांनी ठेवलेली तपासाची नोंदवही) किंवा आरोपपत्र पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, तर जामीन देता येत नाही. अशा सुनावणीत न्यायाधीशांपुढे जे कागद असतात ते तपास यंत्रणेने तयार केलेले. साक्षीदारांची उलटतपासणी अजून व्हायची असते आणि बचावाचा पुरावा यायचा असतो. या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने छाननी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. खटला रेंगाळला आणि आरोपी दीर्घकाळ तुरुंगात राहिला तर घटनात्मक न्यायालये, म्हणजे उच्च आणि सर्वोच्च न्यायालये, जामीन देऊ शकतात, असे त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले, परंतु त्या प्रकरणातला आरोपी तोवर पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. न्यायालयाचा अधिकार ज्या कलमाने आकसला ते संसदेने केले आहे. त्याचा परिणाम काय झाला हे पाहण्याची जबाबदारीही संसदेचीच आहे.

गुपिते फुटण्याची भीती निराधार आहे. गुप्तचर यंत्रणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) गुप्तवार्ता समित्या १९७० च्या दशकापासून आणि ब्रिटनची अशी समिती १९९४ पासून बंद दाराआड काम करत आली आहे.

राहिला निरपराधांचा प्रश्न. २०१६ ते २०२० या पाच वर्षांत यूएपीएखाली ५,०२७ गुन्हे नोंदले गेले आणि २४,१३४ जण आरोपी झाले. त्यांपैकी २१२ जणांना शिक्षा झाली, ३८६ निर्दोष सुटले. उरलेले सगळे निरपराध आहेत असे मी म्हणत नाही. त्यांच्याबाबत निकालच लागलेला नव्हता. हे आकडे लोकांपुढे आले ते गृह मंत्रालयाला संसदेत प्रश्न विचारला गेला म्हणून.