जुना संघ घेताना घ्यायची काळजी

दिल्लीतल्या मराठी मंडळींनो, अभिनंदन. ऑक्टोबर 2025 मध्ये तुमच्या शहराला इंडियन सुपर लीगमधला एक फुटबॉल संघ मिळाला. नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. नाव कोरं करकरीत आहे, पण आम्ही पुणेकर त्याला लहानपणापासून ओळखतो. 2014 ते 2019 तो आमच्याकडे एफसी पुणे सिटी म्हणून नांदला. मग हैदराबादला गेला, तिथे सहा वर्षं काढली आणि आता तुमच्या दारात आलाय. तेव्हा अनुभवी माणसं म्हणून तुम्हाला चार शब्द सांगणं आमचं कर्तव्यच आहे. (पुणेकराने न विचारता सल्ला दिला नाही, तर शेजारी तब्येतीची चौकशी करायला येतात.)

पहिला प्रश्न तुम्हाला हाच विचारतील, की एवढं मोठं शहर संघाच्या पाठीशी उभं राहील का? बिनदिक्कत हो म्हणा. हिशेब सोपा आहे. दिल्लीत दोन कोटी माणसं. शंभरात एक फुटबॉल बघतो धरलं तर दोन लाख झाले. त्यातल्या दहातला एक मैदानावर आला तरी वीस हजार. आमच्याकडेही आयटी कंपन्या, कॉलेजं, तरुण पोरं असं सगळं मोजूनच हा हिशेब मांडला होता आणि त्यात दमडीची चूक नव्हती. फक्त ते वीस हजार लोक नेमके सामन्याच्या संध्याकाळी दुसरीकडे असतात.

पुण्याला हे सांगायचा अधिकार आहे. 2014-15 मध्ये आमच्याकडे एकाच वेळी तीन व्यावसायिक संघ होते: पुणे एफसी, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी. तिघांचा मुक्काम बालेवाडीच्या स्टेडियमवरच. भारत एफसी एका मोसमात आटोपला, पाठोपाठ पुणे एफसी. मग डीएसके शिवाजियन्स आला, आय-लीग या देशातल्या दुसऱ्या लीगमध्ये थोडं खेळून तोही गेला. शेवटी मालकांचं आर्थिक गणित कोलमडलं आणि एफसी पुणे सिटीही गेला. एका शहराने इतक्या कमी वर्षांत चार संघ पोचवले. हा विक्रम तुम्ही मोडायला जाऊ नका.

आम्ही गेलो का नाही मैदानावर? अहो, गेलो होतो! संत्र्याच्या रंगाच्या जर्सी घालून, ढोल घेऊन ‘ऑरेंज आर्मी’ या चाहत्यांच्या टोळीतली पोरं दर सामन्याला असत. बाकीचे पेठेतून वेळेवर निघाले होते, पण विद्यापीठ चौकातल्या कोंडीतच मध्यंतर झालं. तुमची मात्र पंचाईत आहे. नेहरू स्टेडियमच्या दारात त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे, त्यामुळे न जाण्याचं कारण नवीन शोधावं लागेल. थंडीतलं धुरकं चालून जाईल. शिवाय ते स्टेडियम पाडून तिथे क्रीडानगरी उभारणार, अशी बातमी नोव्हेंबर 2025 मध्ये आलीच आहे. म्हणजे आधी तुमच्याकडे मैदान होतं पण संघ नव्हता. आता संघ आला, तर मैदान चाललं.

घरचं मैदान ही गोष्ट या लीगमध्ये फार मनावर घेऊ नका. पंजाब एफसी घरचे सामने तुमच्या दिल्लीत खेळत होताच. आणि आमच्या बालेवाडीने तर याहून मोठा चमत्कार पाहिलाय. 14 ऑक्टोबर 2014 ला तुमचा तेव्हाचा संघ दिल्ली डायनामोज आणि एफसी पुणे सिटी आपापला पहिला सामना नेहरू स्टेडियमवर एकमेकांशी खेळले. तिकडे देल पिएरो, इकडे त्रेझेगे, म्हणजे इटलीच्या युव्हेंटस क्लबचे जुने जोडीदार समोरासमोरच्या संघांत. गोल शून्य-शून्य. पाच वर्षांनी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला आणि पुण्याचा हैदराबाद एफसी. 11 डिसेंबर 2019 ला दोघं पुन्हा भेटले. कुठे? बालेवाडीत! भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमचं काम चालू होतं म्हणून ओडिशाने घरचे सुरुवातीचे सामने पुण्यात ठेवले होते. त्या रात्री दिल्लीहून भुवनेश्वरला गेलेला संघ पुण्यात यजमान होता आणि पुण्याचाच जुना संघ पाहुणा. पाहुण्यांचे प्रशिक्षक फिल ब्राऊन पुण्यातलेच, खेळाडू मार्सेलिन्योही पुण्यातलाच. ओडिशा 3-2 ने जिंकलं. आता पुणेकराने टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, याची पाटी कुणी लावली नव्हती.

हैदराबादकरांकडूनही शिकण्यासारखं बरंच आहे. त्यांनी तर काही न करता लीगचा चषक जिंकून दाखवला. करोनामुळे सलग दोन मोसम सगळे सामने गोव्यात, रिकाम्या खुर्च्यांपुढे झाले. 20 मार्च 2022 ला फातोर्ड्याच्या अंतिम सामन्याला मात्र प्रेक्षक सोडले आणि स्टेडियम पिवळंधमक झालं. हैदराबादचा रंग पिवळाच, पण ती गर्दी होती केरळ ब्लास्टर्सची. गुणतक्त्यात वर असल्याने पिवळी जर्सी हैदराबादला मिळाली आणि पिवळी माणसं केरळला. 1-1 बरोबरीनंतर पेनल्टीवर हैदराबादने चषक उचलला, तेव्हा बहुतेक स्टेडियम रडत होतं. (त्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, एवढं नोंदवून ठेवतो.) दोन वर्षांत त्याच संघाचे परदेशी खेळाडू निघून गेले, पगार थकल्याच्या बातम्या आल्या, फिफाने नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातली आणि 2023-24 च्या अख्ख्या मोसमात एक विजय मिळाला. त्याही दिवसांत हैदराबादच्या गच्चीबावली स्टेडियमला शे-दोनशे पोरं ढोल बडवत येत होती. संघ हलवताना शहराने साथ दिली नाही असं म्हणतात, तेव्हा आधी या पोरांची गच्छंती होते. जी कधी आलीच नाहीत त्यांचं काय बिघडतं?

आणि हैदराबाद काही फुटबॉलला नवखं नव्हतं. तिथल्या सिटी पोलिसांच्या संघाने 1950 ते 1954 ओळीने पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 ला जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकला. तो संघ शहराला पेलेल का, याची पाहणी कुणी केली नव्हती, कारण तो शहरातच राहत होता. तुमच्याकडेही आंबेडकर स्टेडियम आहे, स्थानिक लीग आहे, गढवाल हीरोजसारखे जुने क्लब आहेत. त्यांचं नाव नव्या मालकांपुढे काढू नका, उगाच पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं. आणि 1888 पासूनची ड्युरँड स्पर्धाही दिल्लीने कोलकात्याला जाऊ दिली, हा विषय तर मुळीच नको.

मग वागायचं कसं? सरकारी वसाहतीत बदलीवर आलेल्या साहेबाशी वागता तसं. नमस्कार चमत्कार करा, चहाला बोलवा, पण मुलांची नावं त्याच्यावरून ठेवू नका. घोषणा रचताना शहराच्या नावाची जागा मोकळी सोडा. ‘हैदराबाद’ काढून ‘दिल्ली’ घालताना तिकडच्या ढोलकऱ्यांचा ताल चुकला असता. जर्सी घ्या, पण मोसम संपता संपता, अर्ध्या किमतीत. मोसमभराचा पास काढण्याआधी मोसम होणार आहे ना, ते विचारा. 2025 च्या हिवाळ्यात लीगच्या व्यापारी हक्कांचा घोळ असा झाला, की देशातल्या एकाही क्लबला सामने कधी ते सांगता येत नव्हतं. तुमचा संघ नव्या नावाने सुपर कपला मैदानात उतरला तोही गोव्यात. त्याला गोवा मानवतं. प्रेमाने चार दिवस तिकडे राहू द्या.

एवढं करूनही कुणी म्हणालं, ‘दिल्लीने संघाला साथ द्यायला हवी’, तर मान डोलवा. संघाने दिल्लीला किती वर्षं साथ द्यायची, हे उलट विचारू नका. तसं विचारणारा माणूस भांडखोर ठरतो. आम्ही ठरलोच आहोत.

आता खरोखर कुणाला गर्दी बघायचीच असेल, तर निजामुद्दीनहून कोल्हापूरला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा तिथल्या पेठांतल्या संघांचा सामना बघा. पोलीस बंदोबस्त असतो, तो खेळाडूंपेक्षा पेठांसाठी. तिथे कुणाला देल पिएरो नको असतो, गल्लीतला पोरगा पुरतो. सामना संपल्यावर सहज एखाद्या चहाच्या गाड्यावर विषय काढा, की शहर लहान पडतंय, पाटाकडीलचा संघ पुण्याला हलवला तर कसं? मात्र त्याआधी परतीचं तिकीट काढलेलं असू द्या, आणि गाडा स्टेशनजवळचा निवडा.